मशीन बिघडली नव्हती

सोलापुरातला गाण्याचा एकही कार्यक्रम धर्मपाल शिवशरणने चुकवला नाही, असं वस्तीत सगळे म्हणायचे. हे अगदी खरं नव्हतं, पण त्याने ते कधी खोडूनही काढलं नव्हतं. जयंतीची भीमगीतं, कव्वालीचे सामने, गणपतीतले ऑर्केस्ट्रा, हुतात्मा स्मृती मंदिरातल्या शास्त्रीय गाण्याच्या बैठकी, कुठे काय आहे ते त्याला आठ दिवस आधीच कळायचं. पाटबंधारे खात्यात कारकून होता तेव्हा गावातल्या कार्यक्रमांना सायकलवर जायचा आणि बाहेरच्या कार्यक्रमांना एसटीने. पंढरपुरात एकदा दोन कव्वालांचा सामना उजाडेपर्यंत चालला होता. तिथून तो अंघोळ न करता थेट कचेरीत जाऊन बसला. मोडनिंबला एका वर्षी वाऱ्याने मांडवाचं छप्पर उडालं, तरी गाणारी बाई एका हाताने खांब धरून गातच राहिली. या गोष्टी तो चांगल्या सांगायचा. नाही गेलेल्या माणसालाही आपण तिथे होतो असं वाटायचं.

सांगताना त्याची बायको चांगुणा उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत ऐकायची. यातल्या एकाही कार्यक्रमाला तिला त्याने नेलं नव्हतं. कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "तिला काय कळतंय त्यातलं." तिच्यासमोरच म्हणायचा. ती तांदूळ निवडत राहायची.

चांगुणाला जाऊन आता आठ महिने झाले होते. त्यानंतर तो एकाही कार्यक्रमाला गेला नव्हता. लोकांना वाटायचं, बायकोच्या दुःखाने गेला नाही. दुःख होतंच. सकाळी दोन कप चहा टाकायचा आणि दुसरा कप बेसिनमध्ये ओतायचा, हे अजून चालू होतं. पण कार्यक्रमांना न जाण्याचं कारण वेगळं होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

फेब्रुवारीत शेजारची चैताली घरी आली. ती कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि वस्तीतल्या जयंती मंडळाच्या स्मरणिकेचं काम तिच्याकडे होतं. मंडळाला पन्नास वर्षं होणार होती.

"आबा, एक पान म्हाताऱ्या माणसांचं आहे. मी ऐकलेला अविस्मरणीय कार्यक्रम, असं नाव ठेवलंय. रविवारी दुपारी विहारात सगळ्यांना बोलावलंय. तुम्ही आलाच पाहिजे. तुमच्याशिवाय ते पान कसं होणार?"

"मला काय आठवत न्हाय आता," तो म्हणाला.

"तुम्हाला आठवत नाही? मग कुणाला आठवणार?" असं म्हणून ती हसत निघूनही गेली.

रविवारी तो गेला. विहाराच्या हॉलमध्ये सतरंजी टाकली होती. दहा-बारा म्हातारे-म्हाताऱ्या, चहाची किटली आणि मध्ये चैतालीचा मोबाइल रेकॉर्डिंगला लावलेला. भिंतीला टेकून गुरुशांत बसला होता. गुरुशांत वस्तीतला नव्हता, नवी पेठेतला माइकवाला. पण जयंतीला पहिली पंधरा-सोळा वर्षं त्याचीच माइकची मशीन आणि त्याचेच कर्णे असायचे, म्हणून त्यालाही बोलावलं होतं.

धर्मपाल सतरंजीवर बसला, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "गुरुशांतअण्णा, फ्यूज आणलाय का?"

सगळे हसले. गुरुशांतही हसला. धर्मपालही हसला. गेली चौतीस-पस्तीस वर्षं गुरुशांत वस्तीत आला की हे व्हायचंच.

एकेकाने सांगायला सुरुवात केली. कुणी कुठली कव्वाली सांगितली, कुणी नागपूरहून आलेल्या गायकाचं सांगितलं. मग मायाक्काची पाळी आली. मायाक्का ऐंशीच्या पुढची, वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई. तिने मोबाइलकडे न बघता सांगितलं, "मला एकच याद हाय. आपल्या चांगुणाचं गाणं. मशीन बसली हुती तवाचं."

"व्हय, व्हय," दोघी-तिघी म्हाताऱ्या एकदम म्हणाल्या. "काय गायली हुती गं ती!"

चैताली धर्मपालकडे वळली. "आबा, चांगुणाआजी गायच्या? तुम्ही कधी बोलला नाहीत. शब्द आठवतात का? त्या गाण्याचे शब्द छापले तर पान किती छान होईल. आजींची आठवण राहील."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. नवऱ्याला पाठ असणारच, असं सगळ्यांच्या तोंडावर होतं.

"आठवून सांगतो," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी."

हे बोलताना त्याने चहाचा कप तोंडाला लावला. कपात चहा नव्हता.

घरी येऊन तो पलंगावर बसला आणि बराच वेळ चप्पल काढायचं त्याच्या लक्षात आलं नाही. पहिल्या दोन ओळी सोडल्या तर आठवण्यासारखं काही नव्हतंच. चांगुणाचं गाणं वस्तीतल्या बायकांनी ऐकलं होतं, पोरींनी ऐकलं होतं. नवरा असून त्याने ते ऐकलं नव्हतं. आणि ते का ऐकलं नव्हतं, हे जगात त्याला एकट्याला माहीत होतं. ती गेल्यापासून कुठेही कर्णा वाजला की तेच आठवायचं, म्हणून कार्यक्रमांना जाणं सुटलं होतं.

ते असं झालं होतं. सन एक्क्याण्णव, बाबासाहेबांच्या जन्माला शंभर वर्षं झाली तो एप्रिल. वस्तीत आठ दिवस कार्यक्रम होते. त्या संध्याकाळी बाहेरगावची मोठी गायन पार्टी येणार होती. धर्मपालने आपल्या कचेरीतल्या साहेबांना खास बोलावून पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. साहेब गाण्यातले जाणकार. कचेरीत धर्मपाल त्यांच्याशी सूर-तालाच्या गोष्टी बोलायचा आणि साहेब त्याला "शिवशरण, तुमचा कान तयार आहे" म्हणायचे. हे वाक्य त्याने घरी चारदा सांगितलं होतं.

सात वाजले, आठ वाजले, पार्टी येईना. मोडनिंबजवळ त्यांची गाडी बंद पडल्याचा निरोप आला. गर्दी चुळबुळ करायला लागली. तेव्हा बायकांच्या बाजूने हाका सुरू झाल्या, "चांगुणाला म्हणू द्या, चांगुणाला!" आणि धर्मपालला काही कळायच्या आत मायाक्काने तिला दंडाला धरून स्टेजवर नेऊन उभं केलं.

मशीनचं टेबल स्टेजपासून लांब, पुरुषांच्या गर्दीच्या मागे गल्लीच्या तोंडाशी होतं. गुरुशांत चहाला गेला होता. जाताना धर्मपालला म्हणाला होता, "जरा मशीनकडं लक्ष ठेव." त्यामुळे धर्मपाल मशीनपाशी बसला होता आणि कर्ण्यांतून त्याच्या बायकोचा आवाज आला.

आवाज वाईट नव्हता. हे त्याला तेव्हाही कळलं होतं. पण तो मंगळवेढ्याकडच्या शेतातला आवाज होता, उघडा, मोठा, ओवीच्या चालीचा. ती गायली:

लेक चालली शाळंला, पाटी तिच्या गं हातात
मला वाचाया येईना, तिचं अक्षर डोळ्यात

'शाळंला.' 'वाचाया येईना.' हे सगळं चार कर्ण्यांतून, साहेबांच्या डोक्यावर. साहेब शेजारच्या माणसाकडे झुकून काहीतरी बोलले आणि हसले. कशाला हसले ते धर्मपालला आजही माहीत नव्हतं. कदाचित चहाबद्दल बोलले असतील. पण धर्मपालला ते हसणं चांगुणावरच वाटलं. तेवढ्यात तिने पुढची ओळ उचलली, "धनी माझा गं गाण्याचा..." आणि आता ही आपल्याबद्दल गाणार, साहेबांसमोर, या भाषेत, एवढं त्याला कळलं. त्याचा हात आपोआप गेला नाही. त्याने तो नेला. आवाजाचं बटण डावीकडे फिरवलं, शेवटपर्यंत. मग उभं राहून ओरडला, "मशीन बसली! मशीन बसली!"

लांबून त्याला दिसलं की चांगुणाने माइकवर बोटाने टकटक केली. मग माइक बाजूला सारला आणि ती स्टेजच्या कडेला येऊन बसली. बायका सतरंजीवरून सरकत सरकत तिच्याभोवती गोळा झाल्या. ती तशीच गायली, पंधरा-वीस मिनिटं. मध्ये बायका मोठ्याने हसल्या, टाळ्या पिटल्या, चार-पाच जणींनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलंही. तिची चेष्टा चालली आहे असं धर्मपालला वाटलं. तो मशीनवर वाकून बसला आणि वायरी ओढल्यासारखं करत राहिला. त्याच्यापर्यंत फक्त पुरुषांची कुरकुर येत होती.

मग पार्टी आली, गुरुशांतही आला आणि मशीन लगेच चालू झाली. फ्यूज गेला होता, असं गुरुशांतने सांगितलं. पुढच्या वर्षी मंडळाने माइकची ऑर्डर दुसऱ्याला दिली. चांगुणा पुन्हा कधी स्टेजवर चढली नाही. बायका बोलवायच्या, ती म्हणायची, "आता गळा न्हाय ऱ्हायला." घरात भाकरी थापताना कधी गुणगुणायची, पण त्याची चप्पल वाजली की गप्प व्हायची. आणि 'गुरुशांतअण्णा, फ्यूज आणलाय का' ही चेष्टा सगळ्यांत आधी कुणी केली होती, तर धर्मपालने.

चांगुणाला सांगायचं त्याच्या मनात कितीदा तरी आलं होतं. शेवटी ती सरकारी दवाखान्यात होती तेव्हा रोज यायचं. एकदा त्याने "ऐकतीस का" असं म्हटलंही होतं. ती म्हणाली, "काय?" तो म्हणाला, "मोसंबी सोलू का?"

सोमवारी दुपारी तो नवी पेठेत गेला. गुरुशांतचं दुकान आता त्याचा मुलगा चालवत होता, पुढे मोठमोठे स्पीकर आणि रंगीत दिवे. गुरुशांत मागच्या खोलीत जुने रेडिओ उघडून बसायचा. हौस म्हणून.

"या की धर्मपालराव. बसा." त्याने स्टुलावरचा रेडिओ खाली ठेवला. "वहिनी गेल्यापासून दिसलाच न्हाई बाजारात."

धर्मपाल बसला. रस्त्यात सगळं ठरवून आला होता, तरी आधी खाली ठेवलेला रेडिओ कुणाचा ते विचारलं. शेवटी म्हणाला, "गुरुशांत, ती एक्क्याण्णवची जयंती. तुझा फ्यूज उडाला न्हवता."

गुरुशांतने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "न्हवताच."

"मी मुद्दाम..."

"बटण शून्यावर हुतं," गुरुशांत म्हणाला. "मी चहा पिऊन आलो आन् पहिलं तेच बघितलं. मशीन काय आपलं बटण आपण फिरवती का? तीस वर्सं याच धंद्यात काढली मी."

धर्मपालला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "तुला ठाऊक हुतं? मग बोलला का न्हाईस?"

"कुणाला बोलू? वहिनी तवाच स्टेजवरनं खाली आल्या हुत्या. बाया त्यांच्या गळ्यात पडत हुत्या. तोंड बघायला पायजे हुतंस त्यांचं. त्या टायमाला मी म्हणू का, तुमच्या मालकानंच बंद केला म्हणून? म्हटलं फ्यूज. खिशात एक हुता, तो काढून दाखवला."

"तुझी ऑर्डर गेली त्यात."

"ऑर्डर एक गेली, दुसरी आली. ते सोड." गुरुशांतने एक सुटा स्क्रू डबीत टाकला. "दुसऱ्या दिवशी वहिनी दुकानात आल्या हुत्या."

"हितं? चांगुणा?"

"एकट्या आल्या. उनात. म्हणाल्या, भाऊ, मशीन खरंच बिघडली हुती का? मी म्हटलं, व्हय वहिनी, फ्यूज उडाला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, बरं झालं. आन् गेल्या. पानी देतो म्हटलं, ते पन घेतलं न्हाई."

म्हणजे तिला शंका होती. वस्तीपासून नवी पेठेपर्यंत ती एवढ्यासाठी चालत आली होती. तिने नवऱ्याला विचारलं नाही, परक्या माणसाला विचारलं. आणि परक्या माणसाने नवऱ्याची लाज झाकली. तिला ते पटलं होतं की नव्हतं, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं.

"तिला पटलं असंल का?" तरी त्याने विचारलंच.

"मला कसं ठाऊक असनार? तुमी संसार केला, मी न्हाई."

बाहेर मुलाने कुठलासा स्पीकर तपासायला लावला. धाडधाड आवाज झाला, बंद झाला. धर्मपाल म्हणाला, "मला माफ कर, गुरुशांत."

गुरुशांतने खाली ठेवलेला रेडिओ मांडीवर घेतला. रेडिओच्या आतली धूळ फुंकली. "खरं सांगू का? बटण फिरवलंस, त्याचा राग मला कवाच न्हवता. मानसाच्या हातून व्हतं. पर पहिल्यांदा मला फ्यूज म्हणून कोन हसलं? तूच. मी म्हटलं, हा आज न्हाई तर उद्या थांबंल. तू थांबला न्हाईस. काल विहारात बी हसलास. माझा नातू हुता दारात. घरी येऊन इचारतो, आजोबा, तुमची मशीन बाद हुती का?"

धर्मपाल मान खाली घालून बसला.  उठताना तो म्हणाला, "रविवारी येशील का विहारात?"

"कशाला? आनखी हसायला?"

"ये. एवढंच ऐक माझं."

तो आठवडा त्याने कसाबसा काढला. दोनदा चैताली दारावरून जाताना म्हणाली, "आबा, शब्द आठवले का?" दोनदा तो म्हणाला, "रविवारी." एकदा वाटलं, मनानेच चार ओळी जुळवून द्याव्यात. ओवीचीच तर चाल. कुणाला कळणार आहे? त्याने पाठकोरा कागद घेऊन दोन ओळी लिहिल्यासुद्धा. मग आपण काय करतो आहोत ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने तो कागद फाडला. एकदा तिचा आवाज बंद केला, आता तिच्या तोंडी आपले शब्द घालायला निघालो होतो.

रविवारी गुरुशांत आला. दाराशीच बसला, आत आला नाही. कुणीतरी नेहमीप्रमाणे म्हणालं, "अण्णा, फ्यूज?"

"थांब रे," धर्मपाल म्हणाला. आवाज जरा मोठा निघाला. सगळे वळले. तो उभा राहिला, मग उभं राहून भाषण केल्यासारखं वाटेल म्हणून पुन्हा बसला. "चैताली, ते तुझं यंत्र चालू हाय का?"

"आहे, आबा."

"मग ऐका. त्या वर्साला मशीन बिघडली न्हवती. गुरुशांतचा फ्यूज उडाला न्हवता. तो चहाला गेला हुता. मशीनवर मी हुतो. चांगुणाचा आवाज मी बंद केला. बटण फिरवून. माझा साहेब पुढं बसला हुता आन् मला तिच्या बोलण्याची लाज वाटली. मशीन बसली म्हणून मीच ओरडलो. तिला मी हे कधी सांगितलं न्हाय. ती गेली. पहिल्या दोन वळी सोडल्या तर तिचं गाणं मी ऐकलंच न्हाय, तर मला शब्द कुठले ठाऊक असनार."

कुणीतरी हातातला कप खाली ठेवला. मग एक म्हातारा म्हणाला, "मग इतकी वर्सं आमी गुरुशांतला..."  काही जण दाराकडे बघायला लागले. गुरुशांत सतरंजीचा धागा ओढत होता.

चैतालीने मोबाइल उचलला. "आबा, बंद करू का हे?"

"न्हाय. चालू ठेव."

मायाक्का इतका वेळ डोळे मिटून बसली होती. झोपली असेल असं वाटत होतं. तिने डोळे न उघडता विचारलं, "धर्मा, त्या दिवशी बाया हसल्या, ते ठावं हाय का तुला?"

"दिसलं मला. तिला हसल्या."

"तिला कशाला हसतील? तुला हसल्या." मायाक्काने डोळे उघडले. "तू बंद केलंस ते कुटं? 'धनी माझा गं गाण्याचा' हितंच न्हवं?"

त्याने मान हलवली.

मायाक्का गायली नाही. भाजीचा भाव सांगावा तसं तिने सांगितलं:

"धनी माझा गं गाण्याचा, गावोगावी तो जातो
माझ्या चुलीपाशी कवा घडीभर तो बसतो

"असं हुतं ते. चेष्टा हुती रं. नवऱ्याची चेष्टा. समद्यांच्या म्होरं करायची, तेवढी तिची हिंमत झाली हुती एकदा. आमी टाळ्या पिटल्या, मागं वळून बघितलं, की आता धर्मा हसंल, न्हाय तर लाजंल. ती पन बघत हुती. आन् तू त्या मशीनमधी मुंडी घालून बसला हुतास."

"मला ऐकू आलं न्हाय, मायाक्का."

"कसं येईल? तूच बंद केलं हुतंस की."

हे ती रागाने बोलली नाही. त्यामुळे ते जास्त लागलं. मग तिने शेजारणीला हात धरून उठवायला सांगितलं आणि दाराशी गेली. गुरुशांतसमोर थांबून म्हणाली, "अण्णा, आमी लई हसलो तुला. वाईट झालं." गुरुशांत उठून उभा राहिला. "चालायचंच, मायाक्का," एवढंच म्हणाला आणि तिला पायरी उतरायला हात दिला. दोघेही धर्मपालकडे न बघता बाहेर गेले. हळूहळू बाकीचेही उठले.  एकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि मध्येच काढून घेतला.

त्या संध्याकाळी त्याने पुण्याला मुलीला फोन केला. गाण्यातली शाळेत चाललेली लेक तीच, प्रियदर्शनी. आता ती स्वतः शाळेत शिकवत होती. स्मरणिका तिच्या हातात पडायच्या आधी आपल्या तोंडून जावं म्हणून त्याने सगळं सांगितलं. 

शेवटी म्हणाली, "बाबा, मी होते तिथं. आईच्या मांडीजवळ. मी सात वर्षांची. घरी जाताना आई मला म्हणाली होती, बाबांना विचारू नको गं गाणं कसं झालं."

"का?" त्याने विचारलं.

"मला नाही माहीत. मी विचारलं नाही." मग म्हणाली, "ठेवते मी आता."

बुधवारी चैताली कागद घेऊन आली. तिने पान टाइप करून आणलं होतं. तिला खुर्ची देऊन तो पलंगावर बसला आणि चष्मा लावून वाचायला लागला. तिने चांगलं लिहिलं होतं. मायाक्काने सांगितलेल्या दोन ओळी होत्या, पाटीच्या दोन ओळी होत्या, बाकीच्या चार ओव्या इतर म्हाताऱ्यांकडून तिने जमवल्या होत्या. त्या तो पहिल्यांदा वाचत होता. एका ओवीत लिंबाच्या झाडाचं होतं, एकीत चांगुणाच्या आईचं. तिच्या आईबद्दल ती इतकं बोलेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्याने त्या दोनदा वाचल्या. मग खाली आला. तिथे लिहिलं होतं: 'त्या वेळी मशीनवर बसलेल्या धर्मपाल शिवशरण यांच्याकडून चुकून आवाज बंद झाला.'

"पेन हाय का?"

तिने दिलं. त्याने 'चुकून' खोडलं. मग 'यांच्याकडून आवाज बंद झाला' हेही खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'यांनी मुद्दाम आवाज बंद केला. माइकवाले गुरुशांत यांचा त्यात काही दोष नव्हता.'

चैतालीने ते वाचलं. "आबा, हे छापलं की सगळीकडे जाईल. हजार प्रती आहेत. मी मुद्दाम जरा सौम्य लिहिलं होतं."

"म्हणूनच म्हणतो. सौम्य नको."

तिने कागद त्याच्याकडे परत सरकवला. त्याने पान पुन्हा वरून पाहिलं. मथळा होता, 'मी ऐकलेला अविस्मरणीय कार्यक्रम', आणि त्याखाली त्याचं नाव.

"हे पन चुकलंय. हा कार्यक्रम मी ऐकला न्हाय. मायाक्काचं नाव टाक."

"बरं. मायाक्कांचं टाकते." तिने वहीत नोंद केली. "मग तुमच्या नावाने दुसरा कुठला घेऊ? तुमच्याकडं तर शंभर आहेत. पंढरपूरचा तो सामना? नाही तर मोडनिंबचा, छप्पर उडालं तो?"

धर्मपालने विचार केला. पंढरपूरचा सामना त्याला अजून सुरासकट आठवत होता. पण सांगायला लागलं की त्या रात्री आपण घरी किती वाजता येऊ ते सांगून गेलो होतो का, हे आठवावं लागलं असतं. मोडनिंबच्या वेळी पोरीला ताप होता. जितके कार्यक्रम होते तितक्या वेळा घरात कुणीतरी एकटं होतं.

"माझा नको घेऊस," तो म्हणाला. "मायाक्काच्या पानाला जागा जास्त दे. त्या ओव्या मोठ्या अक्षरात छाप. म्हाताऱ्या बायांना बारीक दिसत न्हाय."

"आणि तुमचं नाव कुठंच नको?"

"हाय की," असं म्हणून त्याने खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "हितं हाय. तेवढं पुरं."